दुसऱ्या ब्रेकवरचा पाय

ब्रेकमास्तरांना देवाला शरण जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं. अडचण एवढीच होती, की देवाकडे जातानाही वळण कुठे घ्यायचं आणि वेग किती ठेवायचा हे त्यांनाच ठरवायचं होतं.

ब्रेकमास्तर हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. मास्तरांचा धंदा गाडी शिकवण्याचा. रस्त्यालगत एक शटरची खोली, आत तीन खुर्च्या, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि एका फळ्यावर चुंबकाच्या चिमुकल्या गाड्या, चौकात आधी कोणी जायचं ते समजावून सांगायला. वरच्या मजल्यावर घर. बाहेर उभी असलेली पांढरी छोटी गाडी हीच काय ती शाळा. या गाडीत बाजूच्या सीटच्या पायाशी एक जादा क्लच आणि एक जादा ब्रेक बसवलेला होता. शिकणारा स्टिअरिंग घट्ट धरून घामाघूम होतो, त्याला वाटतं सगळा कारभार आपल्याच हातात आहे. पण बाजूला बसलेल्याचा पाय त्या दुसऱ्या ब्रेकवर असतो आणि वेळ आली की गाडी तोच थांबवतो.

मास्तरांचा पाय त्या ब्रेकवर उभं आयुष्य होता. इतका, की ब्रेक नसला तरी पाय असायचाच. बसमध्ये पुढच्या बाकावर बसले की थांबा यायच्या आधी यांचा पाय जमिनीत. जेवताना मुलगी धावत जिना उतरल्याचा आवाज आला की टेबलाखाली पाय दाबला जायचा. मुलगी मोठी होऊन त्यांच्याच शाळेत शिकवायला लागली, तेव्हा सुरुवातीला मास्तर मागच्या सीटवर बसून तिच्यावर लक्ष ठेवायचे. मागच्या सीटलाही एक ब्रेक बसवता येईल का, अशी चौकशी त्यांनी गॅरेजवाल्याकडे केली होती. गॅरेजवाला हसला, पण मास्तर थट्टा करत नव्हते.

"अहो, चटईला भोक पडेल," बायको म्हणायची. ती समोर बसून भाजी निवडत असायची आणि मास्तर टीव्हीवरच्या गाडीसाठी ब्रेक दाबत असायचे.

बायको अगदी उलट्या धाटणीची. स्वयंपाकघराच्या खिडकीत तिनं देवाची एक लहानशी तसबीर ठेवली होती, मीठमिरचीच्या डब्यांच्या शेजारी. सकाळी गॅस पेटवायच्या आधी ती तिच्यासमोर उभी राहायची आणि शेजारणीशी बोलावं तशा आवाजात म्हणायची, "हे घर तुझं, ही माणसं तुझी, मीही तुझी." बस. एवढीच पूजा. मग चहाचं आधण ठेवायची आणि दिवसभर तिच्या कपाळावर आठी म्हणून दिसायची नाही. रात्री उशीला डोकं टेकलं की झोपलीच. मास्तर तिच्या शेजारी उद्याच्या सगळ्या संकटांची उजळणी करत जागे असायचे आणि तिचा तो शांत श्वास ऐकून त्यांना खरं तर रागच यायचा. घरात एकानं तरी काळजी करायला हवी की नको?

घराच्याही वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंकडे संध्याकाळी काही बायका जमायच्या, पोथी वाचायच्या. तिथून एकदा ती आली आणि पोळ्या लाटता लाटता सांगू लागली, भक्तीचे नऊ प्रकार आहेत म्हणे. ऐकणं हा पहिला, मग गाणं, मग आठवणं, असं करत करत शेवटचा नववा म्हणजे आत्मनिवेदन.

"म्हणजे काय?" मास्तरांनी विचारलं.

"म्हणजे स्वतःलाच देऊन टाकायचं. मागे काही ठेवायचं नाही."

"छान. मग उद्या दूध कोण आणणार?"

"मीच आणणार. फक्त त्याची म्हणून आणणार."

मास्तरांनी मान हलवली. त्यांच्या मते ही शुद्ध बेफिकिरी होती आणि तिला भक्ती हे गोड नाव दिलेलं होतं. पण तिच्या पोळ्या नेहमीसारख्याच गोल होत होत्या, दूध वेळेवर येत होतं आणि मुलीच्या परीक्षा, सासूचं आजारपण, गळकं छत या सगळ्यांतून ती न थकता पार पडत होती. वाद घालायला जागाच नव्हती.

मग ती आजारी पडली. पोटात दुखतं म्हणून दाखवायला गेली आणि घरी आली ती मास्तरांच्या पायाखालची जमीन काढून घेऊनच. त्या काळात मास्तरांनी काय केलं नाही? डॉक्टर बदलले, हॉस्पिटल बदललं, ओळखीपाळखी काढल्या, परिचारिकांशी हुज्जत घातली, सलाइनच्या नळीतले थेंब मोजत बसले. बायको पलंगावरून त्यांच्याकडे बघायची. शेवटच्या दिवशी, भर दुपारी, एक रिपोर्ट वेळेवर आला नाही म्हणून ते खाली काउंटरवर भांडायला गेले. चांगले भांडले. रिपोर्ट मिळवला. तो हातात घेऊन जिना चढून वर आले तर मुलगी खोलीच्या दारात उभी होती आणि काही सांगायची गरज नव्हती.

त्या दुपारबद्दल बापलेकीत पुढे कधी बोलणं झालं नाही. मास्तर डॉक्टरांबद्दल बोलायचे, त्या काउंटरवरच्या माणसाबद्दल बोलायचे, आधीच दुसरीकडे न्यायला हवं होतं असं तर शंभरदा म्हणायचे. पण वर खोलीत काय झालं, ती काय म्हणाली, काही म्हणाली का, हे त्यांनी मुलीला विचारलं नाही. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं. मुलीनं आपण होऊन सांगितलं नाही. तिचा स्वभाव आईवर गेला होता. कोणी हात पुढे केल्याशिवाय ती हातावर काही ठेवायची नाही.

घरात सगळ्यात जास्त ओसाड झाली ती सकाळ. आधण ठेवायच्या आधीचा तो एक क्षण. मास्तर चहा करायला उठायचे आणि स्वयंपाकघर त्यांच्याकडे बघत राहायचं. काही महिने त्यांनी सोसलं. मग एका सकाळी, निव्वळ तो आवाज पुन्हा कानावर पडावा म्हणून, ते खिडकीसमोर उभे राहिले आणि तिचं वाक्य म्हणून बघितलं. "हे घर तुझं." स्वतःचाच घोगरा आवाज ऐकून ओशाळले आणि गॅस पेटवला.

पण दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहिले. सुरुवातीला त्यांना हवी होती ती बायको. देवाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं, उलट एक जुनं भांडण होतं. पण रोज तिच्या जागी उभं राहता राहता त्यांना आणखी एक गोष्ट हवीशी वाटू लागली. तिच्याकडे जे होतं ते. ती झोप. तो न आठ्या पडलेला चेहरा. आपलं ओझं कोणाच्या तरी हातात देऊन मोकळ्या हातांनी घरभर वावरणं. साठी उलटलेल्या या माणसाला त्याची अशी ओढ लागली, की एकच वाक्य ते दोनदोनदा म्हणायचे. वरच्या काकूंकडेही ते जाऊन बसले, बायकांच्या मागे, दारापाशी, चपलांच्या शेजारी. काकू वाचायच्या, शरण आलेल्याला तो टाकत नाही. मास्तर मान खाली घालून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, मी येतोय रे, पण मला येता येत नाहीये.

आणि खरंच येत नव्हतं. कारण सकाळी वाक्य म्हणून झालं की त्यांची सवय जागी व्हायची. "सगळं तुझ्या हवाली केलं," ते म्हणायचे, "फक्त मुलीकडे जरा लक्ष दे. ती संध्याकाळी त्या गोल चौकातून येते, तिथे डावीकडून ट्रक अंगावर येतात, तेव्हा साधारण सहाच्या सुमाराला बघ. आणि माझ्या छातीत परवा दुखलं ते वाताचं आहे की काय ते बघून ठेव. आणि घाई करू नकोस, नीट बघून कर." देवालाही ऐकून ऐकून घाम फुटला असेल. आता यात शरण जाणं कुठे आलं? मास्तरांनी देवाला शिकाऊ करून स्टिअरिंगवर बसवलं होतं, आणि स्वतः बाजूला बसून दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवला होता.

हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. तसबिरीसमोरून वळताना ते स्वतःवरच चिडायचे. पण पाय उचलायचा तर कोणत्या भरवशावर? तिनं उचलला होता. तिनं तर सगळंच दिलं होतं, रोज, चहाच्या आधी. मग तिची गाडी का नाही थांबवली कोणी? हा प्रश्न त्यांच्या घशात काट्यासारखा होता. गिळता येत नव्हता आणि देवासमोर काढून ठेवायचीही हिंमत नव्हती.

याच सुमाराला त्यांच्याकडे एक औषधाचा दुकानदार शिकायला येत होता. पन्नाशीचा, गोलमटोल, भित्रा. पण गाडीत बसला की याची भीती पळून जायची. गाणं गुणगुणत चालवायचा. वळणावर न बघता वळायचा, सिग्नलला मजेत पोचायचा, आणि गाडी दर वेळी बरोबर थांबायची, कारण मास्तर थांबवायचे. दुकानदाराला वाटायचं, आपला पाय चांगला तयार झाला. परीक्षेला मात्र दुसरी गाडी होती आणि बाजूला बसलेला तपासनीस हात बांधून बसला होता. दुकानदारानं पहिल्याच वळणावर कुंपण घातलेल्या झाडाला मिठी मारली.

"असं कसं झालं हो?" परत आल्यावर तो म्हणाला. त्याच्यात राग नव्हता. "तुमच्या गाडीत मला काही म्हणजे काही होत नाही. तुम्ही नुसते बाजूला असलात ना मास्तर, की माझ्या जिवाला घोर नसतो."

मास्तर एरवी अशा विद्यार्थ्याला फाडून खायचे. त्या दिवशी मात्र ते फळ्यावरच्या चुंबकाच्या गाड्या उगाच सरळ करत राहिले. त्यांच्या मनात एकच आलं, की माझ्याही बाजूला असं कोणी बसलं असतं तर. या जाड्या, गाणं म्हणणाऱ्या, झाडाला धडकलेल्या माणसाचा त्यांना हेवा वाटला. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत वाटला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गोष्ट घडली, जी घडल्यावर गॅरेजवाल्यापासून वरच्या काकूंपर्यंत सगळे तोंडावर हात ठेवून हसले. शाळेची गाडी दुरुस्तीला दिली होती. ती आणायला मास्तर टॅक्सीनं निघाले. अर्थातच पुढच्या सीटवर. टॅक्सीवाला तरुण, हात हलका, गाडी छान चालवत होता. समोरून एक कुत्रं आडवं आलं. टॅक्सीवाल्यानं ते केव्हाच बघितलं होतं आणि अलगद वेग कमी केला होता. पण मास्तरांचा पाय त्याच्याआधी गेला. जिवाच्या आकांतानं त्यांनी नसलेला ब्रेक दाबला. ब्रेकच्या जागी टॅक्सीवाल्याची पाण्याची बाटली लोळत होती. पाय तिच्यावर पडला, वाकडा झाला आणि घोट्याचं हाड कट्कन वाजलं. कुत्रं रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन बसलं.

"काका, मी दाबला होता की," टॅक्सीवाला कळवळून म्हणाला. "तुम्ही कशाला त्रास घेतला?"

पाय प्लास्टरमध्ये गेला. शाळा मुलीच्या अंगावर पडली आणि तिनं ती बिनबोभाट उचलली. सकाळी शिकायला येणाऱ्या बायका तिच्याच होत्या, आता दुपारचे पुरुष आणि औषधाचा दुकानदारही तिच्याकडे आला. मास्तर वर खिडकीत खुर्ची टाकून बसायचे. गाडी गेली की फोन करायचे, चढावरच्या रस्त्यानं नेऊ नकोस. गाडी आली की जिन्याच्या तोंडाशी यायचे, दुकानदारानं आरसा बघितला का?

"बघितला," मुलगी म्हणायची. "तुम्ही गोळी घेतलीत का?"

पाय नाही म्हटल्यावर सकाळचं ते उभं राहणंही अवघड झालं. कुबडी टेकून ते तसबिरीसमोर जायचे. सूचना द्यायला आता फारसं काही उरलं नव्हतं, जग त्यांच्याशिवाय बरं चाललेलं त्यांना खिडकीतून दिसत होतं. यानं खरं तर हायसं वाटावं. मास्तरांना मात्र एकटं वाटलं. इतकं एकटं, की एका सकाळी वाक्यही पुरं झालं नाही. "हे घर तुझं, ही माणसं तुझी," असं म्हणून ते थांबले. पुढचे शब्द येईनात. आपण त्याचे आहोत असं तोंडानं म्हणायचं आणि मनात तोच प्रश्न घेऊन उभं राहायचं, हे त्यांना त्या दिवशी खोटं वाटलं. गॅसही न पेटवता ते परत खुर्चीत येऊन बसले. मुलीनं उठून चहा केला. कप हातात देताना तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं.

प्लास्टर निघालं. पाय बारीक झाला होता, परका झाला होता. डॉक्टर म्हणाले, हळूहळू गाडी चालवा, पाय मोकळा होईल. मास्तर आज उद्या करत राहिले. उभ्या शहराला गाडी शिकवणारा माणूस गाडीला घाबरतोय, हे बोलून दाखवायची सोय नव्हती.

शेवटी एका दुपारी मुलीनं किल्ली त्यांच्यापुढे धरली. "चला."

मास्तर खाली उतरले आणि सवयीनं बाजूच्या सीटकडे गेले. मुलगी आधीच दार उघडून तिथे बसली होती.

"तिकडे," तिनं स्टिअरिंगकडे बोट केलं. "शिकाऊ तिकडे बसतो."

"मी शिकाऊ?"

"पायाला विचारा."

मास्तर बसले. आरसा लावला, पट्टा लावला, पुन्हा आरसा लावला. आयुष्यभर ज्या सीटवरून त्यांनी रस्ता बघितला नव्हता तिथून आता तो समोर पसरला होता. गाडी त्यांची स्वतःची, तरी या बाजूला ते गाडी जागेवर लावण्यापुरतेच बसले होते.

"पाय आहे ना ब्रेकवर?" त्यांनी विचारलं.

"आहे, बाबा."

गाडी निघाली. पहिला गिअर, दुसरा गिअर. रस्त्याच्या कडेला गाड्या लागलेल्या, बेकरीसमोर दोन माणसं बोलत उभी, कोणाच्या तरी गॅलरीत चादरी वाळत होत्या. मास्तरांचे तळहात ओले झाले.

"आहे ना पाय?"

"आहे."

कोपरा आला. ते बरं वळले. मुलगी शांत बसली होती, हात मांडीवर. अगदी तिच्या आईसारखी बसली होती. मास्तरांना त्या बसण्याकडे एकदा बघावंसं वाटलं, पण डोळे रस्त्यावरून काढायची सोय नव्हती. पुढे उतार लागला. तिथेच उभ्या केलेल्या दोन गाड्यांच्या मधून एक माणूस खोक्यांनी भरलेली ढकलगाडी घेऊन एकदम रस्त्यात आला. खोकी इतकी उंच, की त्याला ना गाडी दिसली ना मास्तर.

मास्तरांचा पाय गेला. घोट्यातून कळ डोक्यापर्यंत चढली, पण ब्रेक लागला. गाडी गचका खाऊन बंद पडली. खोकीवाला पलीकडे निघून गेला, त्याला काही पत्ताही लागला नाही.

मास्तर रागानं मुलीकडे वळले. "तू का नाही दाबलास?"

"तुम्ही दाबलात की."

"मग तुझा पाय तिथे कशाला होता? शोभेला?"

"पाय होताच. तुम्ही थांबवताय ते दिसत होतं मला."

"आणि मला नसतं जमलं तर?"

"तर मी दाबला असता."

"आणि तोही लागला नसता तर?"

मुलीनं थोडा विचार केला. "मग लागलं असतं आपल्याला. दोघांनाही लागलं असतं. मी काही दार उघडून बाहेर उडी मारणार नव्हते."

मास्तरांनी समोर बघितलं. त्यांना बोलायचं होतं गाडीबद्दलच, पण तोंडातून निघालं ते दुसरंच. घशातला काटा इतक्या दिवसांनी निघाला, तोही भर रस्त्यात.

"तुझ्या आईच्या वेळी का नाही दाबला त्यानं?" ते म्हणाले. "तिनं सगळं त्याला दिलं होतं. रोज द्यायची. माझ्यासारखं अर्धंमुर्धं नाही, सगळं. मग त्यानं ब्रेक का नाही दाबला?"

मुलीनं हात पुढे करून धोक्याचे दिवे लावले. मागे एक गाडी येऊन उभी राहिली होती.

"त्या दुपारचं तुम्ही मला कधी विचारलं नाहीत," ती म्हणाली.

"नाही विचारलं."

"विचारा ना."

मास्तरांना वाटलं, दार उघडावं आणि चालत घरी जावं. मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला. त्यांनी स्टिअरिंग धरून ठेवलं.

"काय म्हणाली ती?"

"आधी तुमची चौकशी केली. बाबा कुठे गेले? मी म्हटलं, रिपोर्टसाठी भांडायला खाली गेलेत. तर हसली. म्हणाली, भांडू देत गं, त्यांना बसवत नाही. माझ्यावर जीव आहे ना, म्हणून बसवत नाही."

मास्तरांचा अंगठा स्टिअरिंगवरून फिरत राहिला.

"मग मला रडू आलं. मी म्हटलं, आई, तू रोज त्याच्याशी बोलतेस, मग सांग ना त्याला बरं कर म्हणून. तर म्हणाली, सांगितलंय. पहिल्याच दिवशी सांगितलं. त्याला एकदा सांगितलं की पुरतं. तेव्हापासून दुसरंच मागतेय. म्हणते, गाडी जाईल तिथे जाऊ दे, पण तू मध्येच उतरू नकोस."

गाडी शिकवणाऱ्याच्या घरात जन्म गेलेला, ती दुसऱ्या कोणत्या शब्दांत बोलणार? मास्तरांना तिचा आवाज जसाच्या तसा ऐकू आला. रोज सकाळी त्या खिडकीसमोर उभं राहून जो ऐकू आला नव्हता तो.

"मग?" त्यांनी विचारलं.

"मी विचारलं, आहे का गं तो?" मुलीचा आवाज आता हलला. "तिच्या उशीजवळ तुमची खुर्ची होती. तुम्ही उठून गेलात, ती तशीच होती, थोडी वाकडी. तिनं मान वळवली आणि त्या खुर्चीकडे बघितलं. बघत राहिली. म्हणाली, आहे की. हा काय, इथेच बसलाय. आणि मग बाबा, ती तिकडेच बघत होती. घाबरलेली नव्हती. हात पण तिकडेच होता तिचा."

मास्तर रडले. पुरुषमाणसानं रस्त्यात रडू नये वगैरे सगळं त्यांना ठाऊक होतं, तरी रडले, स्टिअरिंगवर कपाळ टेकून, खांदे हलवत. बायको गेली त्या दिवशी ते रडले नव्हते, रिपोर्ट कोणाकडे द्यायचा ते विचारत फिरले होते. आता त्यांना ती हवी होती. तिचा तो पुढे केलेला हात हवा होता. ती खुर्ची, तिथून तिच्या उशीपर्यंतचं ते हातभर अंतर, ती दुपार, सगळं परत हवं होतं, आणि त्यातलं काहीही परत मिळणार नव्हतं.

"मी घेऊ का गाडी?" मुलीनं हळूच विचारलं.

"नको," मास्तर म्हणाले. "तू तिथेच बस."

मागची गाडी वैतागून बाजूनं निघून गेली. चालवणाऱ्यानं जाता जाता काच खाली करून काहीतरी सुनावलं. मास्तरांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. आपण इतके दिवस देवाला स्टिअरिंगवर बसवत होतो आणि तो खरा बसतो कुठे, हे त्यांना दिसलं, पण त्याचं त्यांना फार अप्रूप वाटलं नाही. त्यांना दिसत होती ती फक्त ती खुर्ची. ते स्वतः जिथे असायला हवे होते, आणि नव्हते, आणि तरी जी रिकामी नव्हती.

त्यांनी समोरच्या काचेकडे बघितलं. घरी, तसबिरीपुढे इतक्या दिवसांत त्यांचा आवाज कधी असा निघाला नव्हता.

"तिच्याजवळ बसलास," ते म्हणाले. "मी नव्हतो. बरं केलंस, तू बसलास ते."

मुलगी खिडकीबाहेर बघत राहिली. मास्तरांनी किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली. पहिला गिअर टाकायच्या आधी ते एकदाच थांबले.

"आता माझ्याजवळही बस," ते म्हणाले. "मला फार एकटं वाटतंय रे."